खैरा रंग

खैरा रंग : खैर या वृक्षाच्या मध्यकाष्ठावरून (खोडाच्या आतील जुन्या, कठीण व गडद लाकडावरून) नाव पडलेला तांबूस तपकिरी रंग. याच लाकडापासून कात मिळत असल्याने कातासारखा तो खैरा, असाही अर्थ रूढ आहे. हिंदीतील ‘कत्थई’ हे विशेषण कातावरूनच आले असून हिंदी मुलखाच्या सान्निध्यामुळे विदर्भात दोन्ही शब्द कानी पडतात. खैरा हा काटेकोरपणे ठरलेला एकच रंग नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या फिकट तांबूस छटेपासून आटवून घट्ट केलेल्या काताच्या काळपट तपकिरी छटेपर्यंतचा सगळा पट्टा या एका शब्दात सामावतो. हा पट्टा मुख्यतः एकाच द्रव्याच्या कमीअधिक पालटामुळे निर्माण होतो, हे या रंगाचे वैशिष्ट्य होय.

नाव व अर्थ : मराठीतील बरीचशी रंगनामे वस्तूंवरून आलेली आहेत, जांभळा, बदामी, विटकरी, मोतिया ही त्यांची परिचित उदाहरणे. तपकिरी हा आज सर्रास वापरला जाणारा शब्द तपकिरीवरून, म्हणजे नाकात ओढावयाच्या तंबाखूच्या पुडीवरून आलेला आहे. तंबाखू भारतात पोर्तुगीजांमार्फत आली; तेव्हा या अर्थाने हा शब्द सोळाव्या शतकाच्या मागे जाऊ शकत नाही. खैराला मात्र संस्कृतात ‘खदिर’ असे अतिप्राचीन नाव असून आतील लाकूड तांबडे असलेला या अर्थी ‘रक्तसार’ हा त्याचा पर्याय निघंटूंत आढळतो. यज्ञातील स्रुवा (आहुतीची पळी) खदिरकाष्ठाची करीत. म्हणजे लाकडाच्या रंगाची दखल फार पूर्वीपासून घेतली गेली होती. संस्कृतातील ‘कषाय’ या शब्दाचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. कषाय म्हणजे तुरट चव, कषाय म्हणजे काढा आणि कषाय म्हणजे तांबूस मळकट रंगही. यतींच्या वस्त्रांना काषाय म्हणतात ते या शेवटच्या अर्थावरून. चव, कृती व रंग या तीन वेगवेगळ्या गोष्टी एका शब्दात का आल्या, हे खैराचे तुकडे पाण्यात उकळून पाहिले असता कळून येते. काढा होतो, तो जिभेला तुरट लागतो आणि त्यात बुडविलेले फडके तांबूस होते. या तिन्ही गोष्टींचे कारण टॅनीन वर्गातील द्रव्ये हे आहे. आधुनिक रसायनशास्त्राने जो संबंध पुढे दाखवून दिला, तो शब्दाने आधीच नोंदवून ठेवला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील खैर : वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेला हा जिल्हा १९०५ पर्यंत वूण (वणी) जिल्हा या नावाने ओळखला जात असे. त्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौ. किमी. आहे. नदीकाठच्या काळ्या जमिनीत कापूस आणि डोंगरउतारावर शुष्क पानझडी जंगल, अशी त्याची ढोबळ विभागणी करता येते. या जंगलात सागाचे प्राबल्य असून त्याच्या सोबतीला ऐन, धावडा, सालई, तेंदू, मोह, रोहण व खैर हे वृक्ष आढळतात. केळापूर व घाटंजी भागातील टिपेश्वर अभयारण्य आणि उमरखेडच्या बाजूचे पैनगंगा अभयारण्य ही या जंगलाची आजची महत्त्वाची क्षेत्रे होत. सागाला निचऱ्याची व बऱ्यापैकी खोल जमीन लागते. खैर मात्र उथळ, मुरमाड, दगडगोट्यांच्या जमिनीतही तग धरतो. त्यामुळे टेकड्यांच्या उघड्या माथ्यांवर, पडीक जमिनीवर आणि शेताच्या बांधांवर तो वाढतो. राळेगाव तालुक्यातील खैरी हे गाव, तसेच विदर्भात ठिकठिकाणी आढळणारी खैरगाव ही ग्रामनामे या झाडाच्या पूर्वीच्या विपुलतेची साक्ष देतात.

खैराचे शास्त्रीय नाव सेनेगॅलिया कॅटेच्यू असे आहे. पूर्वी त्याचा समावेश ॲकेशिया, म्हणजे बाभळीच्या प्रजातीत करीत असत व जुन्या ग्रंथांत तेच नाव आढळते. झाड सामान्यतः ९ ते १२ मी. उंच असून साल करड्या तपकिरी रंगाची, खरबरीत व लांबट ढलप्यांनी सुटणारी असते. काटे आखूड, वाकडे व जोडीने येणारे, पाने बाभळीसारखी संयुक्त व बारीक दलांची, फुले फिकट पिवळसर व लांबट कणिशांत, शेंगा चपट्या व पिकल्यावर तपकिरी असतात. उभ्या झाडाकडे पाहून त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रंगाची कल्पना येत नाही. रंग सालीत नाही, पानांत नाही, फुलांतही नाही. तो आत आहे. आडव्या छेदात बाहेरचे रसकाष्ठ (पाणी वाहून नेणारे जिवंत लाकूड) पिवळट पांढरे व त्याच्या आतील मध्यकाष्ठ लाल दिसते, आणि दोहोंमधील सीमा स्पष्ट असते. कापल्यानंतर हवा लागताच मध्यकाष्ठ गडद होत जाते. कोवळ्या झाडात मध्यकाष्ठ अगदी थोडे असते व वयाबरोबर त्याचा घेर वाढतो. म्हणून खैरा रंग पाहावयाचा तर पंचवीस-तीस वर्षे वाढलेले झाड तोडावे लागते. हीच गोष्ट पुढे या वृक्षाच्या मुळावर आली.

लाकूड अतिशय जड, टणक व वाळवीला दाद न देणारे असते. मुसळे, तेलघाण्यांचे भाग, औतांचे सुटे भाग, गाडीचे आस, खुंट्या, हत्यारांच्या मुठी व घराचे खांब यांसाठी त्याचा वापर होई. कोळसाही उत्तम होतो. नित्य हाताळल्या जाणाऱ्या खैराच्या मुठीला कालांतराने जो गडद, तुळतुळीत तांबूस वर्ण चढतो, तो शेतकऱ्याच्या दृष्टीने खऱ्या खैऱ्या रंगाचा नमुना होय. कातासाठी उकळलेल्या लाकडापेक्षा वापरातील मुठीवरूनच हा शब्द खेड्यापाड्यांत टिकला असणे अधिक संभवनीय वाटते, कारण कात पाडण्याचा धंदा सर्वत्र नव्हता. अवजारे मात्र प्रत्येक घरी होती.

रंगाचे रसायन : खैराच्या मध्यकाष्ठातील मुख्य द्रव्य म्हणजे कॅटेचीन. त्याचे हे नाव कातावरूनच (कॅटेच्यू) पडले असून त्याच्या रेणूत कार्बनाचे १५, हायड्रोजनाचे १४ व ऑक्सिजनाचे ६ अणू असतात. शुद्ध कॅटेचीन रंगहीन असते. जुन्या खैराच्या लाकडातील भेगांत व पोकळ्यांत कधीकधी त्याचे पांढुरके साठे आढळतात. त्यांना ‘खीरसाल’ म्हणतात व वैद्यकात त्यांना मोठी किंमत येत असे. लाल लाकडाच्या पोटात पांढरी पूड सापडावी याचे प्रथमदर्शनी आश्चर्य वाटते. परंतु हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन (ऑक्सिडीभवन) कॅटेचिनाचे अनेक रेणू एकमेकांस जोडले गेले, की मोठे, तांबूस व नंतर तपकिरी रेणू तयार होतात. कापलेले सफरचंद किंवा वांगे काळे पडते तेव्हा साधारण याच जातीची विक्रिया तेथे विकरांच्या (एंझाइमांच्या) साहाय्याने जलद घडते. खैरा रंग हा अशा प्रकारे हवेने पिकविलेला रंग आहे.

क्षारीय (अल्कधर्मी) माध्यमात ही विक्रिया फार वेगाने होते. विड्याच्या पानाला चुना व कात लावून विडा चावला की तोंड रंगते, याचे कारण हेच आहे. एकट्या काताने एवढा रंग येत नाही व एकट्या चुन्याने मुळीच येत नाही. दोन्ही एकत्र आल्यावर चुन्यामुळे कॅटेचीन व सुपारीतील टॅनिने यांचे ऑक्सिडीभवन होऊन लाल द्रव्ये तयार होतात. कात फार झाला तर तुरटपणा व काळसर छटा येते, चुना फार झाला तर तोंड भाजते. म्हणून विडा लावणाऱ्याचे कौशल्य या प्रमाणात असते.

कात करण्याची जुनी रीत अशी : झाड तोडून साल व रसकाष्ठ तासून काढीत, मध्यकाष्ठाच्या ढलप्या करून त्या मातीच्या मडक्यांत पाण्याबरोबर उकळीत व काढा गाळून पुन्हा आटवीत. थंड होताना त्यातून कॅटेचिनाचे स्फटिक खाली बसतात. ते वेगळे करून दाबून वाळविले म्हणजे खाण्याचा फिकट कात मिळतो. उरलेला गडद द्रव आणखी आटवून जो काळपट, ठिसूळ व चकाकणारा गोळा होतो, त्यास व्यापारात ‘कच’ म्हणतात. ब्रह्मदेशातील पेगूचा कच एके काळी जागतिक बाजारात प्रसिद्ध होता. एकाच भट्टीतून निघालेल्या या दोन पदार्थांच्या रंगांत मोठा फरक असतो. पहिला मातकट फिका, दुसरा जवळजवळ काळा. खैरा रंग या दोहोंच्या मधला. कोकणात व ठाणे, रायगड भागांत कात पाडण्याचे काम करणाऱ्या आदिवासी जमातीस कातकरी किंवा काथोडी हे नाव या व्यवसायावरून पडले. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी जमातींत कातकरी, कोलाम व माडिया गोंड यांची गणना होते. त्यांपैकी कोलामांची वस्ती प्रामुख्याने यवतमाळ जिल्ह्याच्या केळापूर, घाटंजी, झरी जामणी, मारेगाव, वणी या भागांत आहे. एका जमातीचे नावच खैराच्या उद्योगावरून पडावे, ही गोष्ट या वृक्षाचे समाजजीवनातील स्थान दाखविते. [⟶ कात, खैर].

कापडावरील छटा : कापसाच्या तंतूला बहुतेक वनस्पतिज रंजके सहजासहजी धरत नाहीत, त्यासाठी तंतूवर आधी तुरटीसारख्या रंगबंधकाचा संस्कार करावा लागतो. काताची गोष्ट वेगळी आहे. त्यातील टॅनीनयुक्त द्रव्ये कापसाच्या तंतूकडे आपोआप ओढली जातात, व उकळत्या द्रावणातून काढलेले सूत हवेत वाळविले तरी ते तांबूस तपकिरी होते. सुती कापडाच्या प्रदेशात हा रंग सोयीचा ठरला तो यामुळे.

रंगबंधक बदलला की छटा बदलते. तुरटीने पिवळसर तपकिरी, चुन्याने अधिक लालसर, मोरचुदाने (कॉपर सल्फेटाने) खोल तपकिरी, हिराकशीने (फेरस सल्फेटाने) राखी किंवा शेवाळी झाक असलेली करडी, असा क्रम सर्वसाधारणपणे सांगता येतो. कातामध्ये मोरचूद घालून उकळलेले कापड पुढे पोटॅशियम डायक्रोमेटाच्या गरम द्रावणातून काढले, की ऑक्सिडीभवन पुरे होऊन अत्यंत पक्का तपकिरी रंग बसतो. ऊन, साबण व घाम या तिन्हींना तो चांगला टिकतो. एकोणिसाव्या शतकात यूरोपातील सुती छपाईच्या कारखान्यांनी ही कृती मोठ्या प्रमाणावर उचलली. क्रोमियमाची ही संयुगे विषारी असल्याने नैसर्गिक रंगकामाच्या आजच्या पुरस्कर्त्यांनी ती टाळणेच योग्य होय. नुसते वनस्पतिज म्हणून कोणतेही रंगकाम निरुपद्रवी ठरत नाही. रंगाखेरीज टिकाऊपणासाठीही कातात किंवा कचात कापड बुडवीत. सुती मासेमारी जाळी व गलबतांची शिडे खाऱ्या पाण्यात कुजू नयेत म्हणून ती अशा द्रावणात उकळीत, आणि जगातील अनेक बंदरांतील शिडांना तांबूस तपकिरी रंग आला तो शोभेसाठी आलेला नव्हता. नायलॉनची जाळी आल्यावर ही प्रथा मागे पडली.

कृत्रिम रंजकांच्या युगात खैऱ्याची जागा घेणारे पहिले महत्त्वाचे द्रव्य म्हणजे १८६३ मध्ये तयार झालेला बिस्मार्क ब्राऊन हा ॲझो रंजक. पुढे असे रंजक मोठ्या संख्येने निघाले. काताचा रंग लाकूड, जळण, दिवस आणि अनुभव एवढ्यांवर अवलंबून होता. डब्यातील पूड दरवेळी तीच छटा देई. गुजरात व राजस्थानातील ठसेछपाईच्या काही केंद्रांत कात अजून वापरतात, परंतु रंगाऱ्यांच्या सामान्य व्यवहारातून तो नाहीसा झाला आहे. [⟶ रंजक व रंजकद्रव्ये].

शेजारचे रंग : तपकिरी रंग इंद्रधनुष्यात सापडत नाही. सु. ५९० ते ६२० नॅनोमीटर तरंगलांबीचा नारिंगी प्रकाश आसपासच्या पृष्ठभागांच्या मानाने मंद असला, की डोळ्याला तो तपकिरी भासतो. म्हणजे तपकिरी हा काळोखात ढकललेला नारिंगी होय. या नारिंगीत तांबड्याचा अंश वाढला की खैरा, पिवळ्याचा वाढला की बदामी. गेरू व वीट यांचा रंग लोहाच्या ऑक्साइडामुळे येत असल्याने तो मातट व अपारदर्शक दिसतो. खैऱ्यात मात्र सेंद्रिय द्रव्य तंतूंच्या आत मुरलेले असल्याने खोली जाणवते. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक चटकन लक्षात येतो. शब्दांत सांगणे कठीण जाते.

लाकडांवरून नावे पडलेली इतर रंगविशेषणेही मराठीत आहेत. शिसवी म्हणजे जांभळट काळा; माणसाच्या वर्णाचे वर्णन करताना हा शब्द विशेषेकरून येतो. चंदनी म्हणजे फिकट पिवळसर, आणि लाकूडकामाच्या बाजारात सागवानी म्हणजे सोनेरी तपकिरी. यूरोपीय भाषांत हे स्थान महोगनीने मिळविले. महोगनी हा वेस्ट इंडीज बेटे व मध्य अमेरिका येथील वृक्ष असून अठराव्या शतकात इंग्लंडमधील उंची सामान त्याच्या लाकडाचे होऊ लागले, व त्यावरून तांबूस तपकिरी रंगालाच ते नाव मिळाले. बुटांचे पॉलिश, केसांचे कलप व लाकडाला द्यावयाचे रोगण यांच्या डब्यांवरून ते भारतीय घरांत आले. संगणकाच्या रंगसूचींत महोगनी या नावाखाली लाल १९२, हिरवा ६४, निळा ० असे प्रमाण दिलेले आढळते. ते खऱ्या लाकडापेक्षा पुष्कळच भडक आहे. हा वृक्ष कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानात १७९५ मध्ये आणला गेला आणि अलीकडे महाराष्ट्रातील काही शेतकरी त्याची लागवड करीत आहेत. यवतमाळच्या जंगलाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय आहे. तेथील रोहण (सॉयमिडा फेब्रिफ्यूजा) हा वृक्ष महोगनीच्याच मेलिएसी कुलातील असून त्याचे मध्यकाष्ठ गडद तांबडे असते व नवी पालवीही लालसर येते. रंगाच्या दृष्टीने महोगनीचा खरा देशी भाऊबंद रोहण होय. तरीही भाषेने रंगाचे नाव खैरावरून घेतले. खैर अवजारांत होता व विड्यातही होता, रोहण तितका घरात आला नाही, हे याचे कारण असावे.

गुरांचा खैरा रंग : या विशेषणाचा सर्वांत जिवंत वापर गुरांच्या बाबतीत होतो. ढवळा (पांढरा), पवळा (पोवळ्यासारखा लालसर), काळा, भुरा, कबरा, बांडा आणि खैरा हे रंगभेद शेतकरी सहज सांगतो. जनावराचे नावही पुष्कळदा रंगावरूनच पडते. लाल, पवळा व खैरा यांतील फरक सूक्ष्म आहे. लाल गुराच्या केसांत नारिंगीची चमक असते. खैऱ्या गुराच्या अंगावर तांबड्याला तपकिरीची जड झाक असून पाय, मान व तोंड यांकडे ती बहुधा काळपट होत जाते. काळी झाक फार वाढली तर त्याला खैरा न म्हणता काळा म्हणतात. सीमा कोठे मानावी याबाबत गावोगावी मतभेद असतात.

शास्त्रीय दृष्टीने सस्तन प्राण्यांच्या केसांत दोन प्रकारची मेलॅनीन द्रव्ये असतात. यूमेलॅनिनाने काळा वा गडद तपकिरी व फिओमेलॅनिनाने तांबडा ते पिवळसर रंग येतो. दोहोंचे प्रमाण व शरीरावरील वाटणी यांनुसार खैऱ्याच्या छटा ठरतात. खच्ची न केलेल्या वळूत मान, खांदे व तोंड यांवरील गडदपणा अधिक असतो. खच्ची केल्यावर बैल उजळतो. रंग वयानेही पालटतो. खिलार जातीच्या वासराच्या माथ्यावर जन्मतः गंजासारखी तांबूस झाक असते व काही महिन्यांत ती नाहीशी होते. म्हणून जाणता शेतकरी वासराचा रंग लगेच सांगून मोकळा होत नाही. लाकडातील कॅटेचीन व केसातील मेलॅनीन यांचा रासायनिक दृष्ट्या फारसा संबंध नाही. परंतु दोन्ही ऑक्सिडीभवनाने व रेणू जोडले जाऊन तयार होणारी रंगद्रव्ये आहेत, हे साम्य मात्र खरे आहे.

यवतमाळच्या शेजारच्या वर्धा, नागपूर या भागांतील गवळाऊ ही दुधाची व वेगाने चालणारी जात पांढरी ते राखी रंगाची असते. अशा पांढऱ्या गुरांच्या कळपात खैरे जनावर उठून दिसते. जिल्ह्यातील बहुतेक गुरे कोणत्याही एका जातीत न बसणारी गावठी असल्याने त्यांत सर्व रंग आढळतात. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला बैलांना धुवून, शिंगे रंगवून, झुली घालून उभे करतात तेव्हा अंगाचा मूळ रंग सर्वांच्या नजरेत भरतो. ढवळ्याला झूल शोभते, खैऱ्याला उन्हाची तिरीप शोभते. दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदीबैल मिरवितात.

रंगाचे नाव सांगणे ही केवळ वर्णनाची गोष्ट नव्हती. बैलबाजारातील खरेदीच्या पावतीवर जनावराचा रंग, शिंगांची ठेवण, वय व अंगावरील खुणा लिहून घेत. जनावर चोरीस गेले, हरवले किंवा कोंडवाड्यात पडले, तर मालकाला ते आपले असल्याचे याच शब्दांनी पटवावे लागे. बैलजोडी ही कोरडवाहू शेतकऱ्याची सर्वांत मोठी जंगम मालमत्ता असल्याने खैरा की लाल यावरील मतभेदाला व्यवहारात वजन होते. तपकिरी हा एकच शब्द वापरला असता तर लाल, पवळा, खैरा व काळपट ही चारही जनावरे एकाच नोंदीत बसली असती.

ऱ्हास : खैराचे उपयोगी द्रव्य आतील लाकडात असल्याने चीक काढावा किंवा पाने तोडावीत त्याप्रमाणे झाड जिवंत ठेवून त्याचा लाभ घेता येत नाही. काताच्या कारखान्यांची मागणी विसाव्या शतकात वाढली. उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ इज्जतनगर येथे १९१९ पासून यंत्राने कात काढण्याचा उद्योग सुरू झाला, आणि पान व पुढे पानमसाला यांमुळे ती मागणी टिकून राहिली. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, मोह, हिरडा, चंदन यांच्याबरोबर खैराचाही समावेश करण्यात आला व खाजगी जमिनीवरील झाड तोडण्यासही परवानगीची अट आली. तथापि लहान घेराच्या झाडांची चोरटी तोड हा राज्याच्या अनेक भागांत दीर्घकाळचा प्रश्न राहिला. कोवळ्या झाडात मध्यकाष्ठ थोडे असल्याने तेवढ्याच कातासाठी अधिक झाडे पडतात. २०१२ मध्ये राज्यात गुटखा व पानमसाला यांवर बंदी आली. खैराच्या काताला पर्याय म्हणून आग्नेय आशियातील गँबिअर या वेलीच्या पानांचा अर्क भारतात आयात होतो. त्यातही कॅटेचीन असते, पण त्यासाठी वेल तोडावी लागत नाही. खैराची रोपे बियांपासून सहज होतात व मुरमाड पडीक जमिनीसाठी तो योग्य वृक्ष मानला जातो. पंचवीस-तीस वर्षांची वाट पाहावी लागत असल्याने एकट्या शेतकऱ्यास ती परवडत नाही, ही खरी अडचण आहे. बांधावर दोन-चार झाडे राखणे मात्र त्याला शक्य असते, आणि यवतमाळसारख्या उथळ जमिनीच्या टापूत तेच अधिक व्यवहार्य दिसते.

शब्दाचा ऱ्हास वेगळ्या वाटेने झाला. मुसळाची जागा गिरणीने, लाकडी औताची लोखंडी अवजारांनी व बैलांची बऱ्याच अंशी ट्रॅक्टरने घेतली. कापडाच्या दुकानात तोच रंग आता ‘चॉकलेटी’, ‘कॉफी’ किंवा ‘मरून’ या नावांनी विकला जातो. यांपैकी मरून हा खैऱ्याहून अधिक लाल व थोडा जांभळट असून तो तपकिरीत मोडतच नाही. जनावरांच्या ओळखीसाठी केंद्र शासनाच्या योजनेखाली कानात बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला बसविण्यात येऊ लागला, व लसीकरणापासून विम्यापर्यंतच्या नोंदी त्या क्रमांकावर होतात. क्रमांकात लाल व खैरा असा संशय उरत नाही. मात्र चरताना काटेरी कुंपणात कान अडकून बिल्ला निघून गेला, तर जनावराची ओळख पुन्हा अंगाचा रंग, शिंगे व खुणा यांवरूनच पटवावी लागते.